मी कॉम्प्युटरला रोज हरवायचो

चहा घ्या आधी. आणि हसू आलं तर दाबू नका. माझी अक्कल सांगलीभर मीच वाटत फिरलो, त्यात दुसऱ्या कुणाचा दोष नाही.

बायको गेल्यावर संध्याकाळी बुद्धिबळाचा पट मांडायचा तो कुणासमोर, हा प्रश्नच होता. लेक अश्विनी वडूजला दिलेली. ती आली आणि माझ्या फोनमध्ये खेळ टाकून गेली. "बाबा, जेवण झालं की उघडत जा. समोर खेळायला कुणीतरी असेल."

समोर कोण, ते मी विचारलं नाही. फोनमध्ये खेळायचं म्हणजे फोनच खेळणार की! दुसरं कोण असणार?

पहिल्याच दिवशी मी जिंकलो. दुसऱ्या दिवशीही. आता मला सांगा, जो कॉम्प्युटर भल्याभल्या ग्रँडमास्टरांना लोळवतो, तो माझ्यासारख्या शाळामास्तराला वजीर फुकट देतो? आणि वर लिहितो, "लय भारी, पाव्हणं!"

मी थक्क! यंत्राला चक्क आपल्याकडची बोली शिकवलीय!

कट्ट्यावर मित्राला, बापूला, सांगितलं.

"सर, जगज्जेतासुद्धा त्या यंत्रापुढं टिकत नाही हो."

"मग जगज्जेत्याचं काहीतरी चुकतंय."

"आणि तुम्ही रोज जिंकता?"

"रोज!"

"मग पेपरात द्या की."

पेपरात दिलं नाही, पण शाळेच्या स्नेहसंमेलनात भाषण ठोकलं. यंत्र श्रेष्ठ की माणूस? म्हणालो, यंत्राकडं नुसतं गणित असतं. ग्रँडमास्टर त्याच्याशी गणितानंच लढतो, म्हणून मरतो. मी काळजानं खेळतो! टाळ्या पडल्या हो!

मग मी त्याला लिहून शिव्याही घालू लागलो. यंत्राला कसला आलाय राग? "घोडा असा मरायला पाठवतात का, गाढवा? अगदी आमच्या व्याह्यांवर गेलायस!"

उत्तर आलं, "व्हय? लय वाईट हाय का ओ त्यो?"

व्याही म्हणजे अश्विनीचे सासरे. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. बायको दवाखान्यात नळ्यांमध्ये होती, तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाले होते, "पाव्हणं, वैनींना घरी न्या. आता हाल करू नगा." जिवंत बाईबद्दल असं बोलतात? तेव्हापासून मी त्यांच्याशी बोललो नाही. तेराव्याला आले, तर पाठ फिरवली.

ते सगळं मी यंत्राला लिहिलं. आणखीही बरंच लिहिलं, ते तुम्हाला सांगत नाही.

कितीतरी वेळ चाल आली नाही. मग अक्षरं उमटली. "चुकलं त्याचं. आसं बोलाय नगं हुतं."

तसाच अश्विनीला फोन लावला. "अगं, तुझ्या सासऱ्यांपेक्षा या यंत्राला माया आहे!"

ती म्हणाली, "बाबा, ते मामंजीच आहेत."

"कुठं?"

"फोनमध्ये! तुम्ही त्यांच्याशी बोलत नाही, म्हणून खेळ शिकले ते. घोडा कसा चालतो तेही ठाऊक नव्हतं. आत्ता बाहेर बसलेत, फोन पालथा ठेवून."

म्हणजे ग्रँडमास्टरांना हरवणारं यंत्र ते हे! आणि त्याच्यावरचा माझा विजय अख्ख्या शाळेनं टाळ्या वाजवून साजरा केलेला.

दुसऱ्या दिवशी लाज गिळून मीच फोन केला. "व्याही, आज खेळायचं ना?"

"नगं, पाव्हणं."

"राग आला?"

"राग न्हाई ओ. पर आता तुमाला कळलंय. आता तुमी जपून बोलनार, मी बी जपून बोलनार. ऱ्हाऊ द्या."

त्यांनी फोन ठेवला.

मग त्याच खेळात खरा कॉम्प्युटर शोधून काढला. सगळ्यात सोपी पायरी लावली. नवशिक्या पोरांसाठी असते म्हणे ती. रोज हरतो.

काल न राहवून फोनला दोन सणसणीत शिव्या हासडल्या. त्यानं मुकाट्यानं माझा वजीर उचलला.