कोपराला कोपर लावून केलेला सौदा

टीव्ही चॅनेलच्या एका माणसाने माझ्या शेजारच्या आजींना फसवलं, आणि सौदा मी केला होता म्हणून मलाही फसवलं.

आजी म्हणजे टार्निट या उपनगरात आमच्या कुंपणापलीकडे एकट्या राहणाऱ्या ऑस्ट्रेलियन बाई. 'आजी' हा शब्द त्यांना मीच शिकवला. मी या देशात स्टुडंट म्हणून आलो, हॉटेलात भांडी घासली, मग जुने फ्रिज दुरुस्त करून विकायला लागलो. लॉकडाऊनमध्ये तोही धंदा बंद पडला. घरात बसून मी कशावरूनही भांडायचो, आणि बायको कंटाळली की मला कुंपणाकडे पिटाळायची. पलीकडे आजी असायच्याच.

या देशात टीव्ही नवा होता, तेव्हा आजी त्यावर गायच्या. कंट्री म्युझिकचा कार्यक्रम, दर आठवड्याला, थेट. स्टुडिओत गवताचे भारे रचलेले. एक जण चाबूक फिरवून दाखवायचा, एक जण विनोद सांगायचा, मध्ये आजी गिटार घेऊन गायच्या. पांढरा ब्लाऊज कॅमेऱ्यात चकाकायचा, म्हणून त्या तो चहाच्या पाण्यात बुडवून वाळवायच्या. गाणं संपलं की पिठाचं पाकीट हातात धरून हसत उभं राहायचं, कारण कार्यक्रमाचा खर्च पिठाची कंपनी करायची. त्यामुळे सगळे त्यांना 'पिठाची पोरगी' म्हणायचे. निवेदकसुद्धा. फक्त शेवटच्या भागात त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि त्यांचं पूर्ण नाव घेतलं. त्या भागाची फिल्म स्टुडिओतल्या कुणीतरी त्यांना दिली होती. बिस्किटांच्या डब्यात घालून ती त्यांनी इतकी वर्षं सांभाळली.

नवीन शूटिंग बंद होतं, म्हणून एका चॅनेलने जुन्या कार्यक्रमांवर एक कार्यक्रम करायचं ठरवलं आणि लोकांकडे जुन्या फिल्म मागितल्या. आजी मला म्हणाल्या, "घासाघीस तुला येते, तूच बोल. पैसे नकोत. नाव हवं."

फिल्म न्यायला आलेल्या माणसाला मी ड्राइव्हवेतच उभं केलं. त्याने आधी गिफ्ट व्हाउचरचं नाव काढलं. ते तुझ्याकडेच ठेव, म्हटलं. टोपी काढून नाव घेतो तो तुकडा पूर्ण दाखवायचा आणि खाली नाव लिहायचं, नाहीतर गाडी वळव. मग वेळ कमी असतो, एडिटर ठरवतो, असं त्याचं सुरू झालं. मी डबा काखेत मारला आणि घराकडे वळलो. तेव्हा त्याने मागून हाक मारून कबूल केलं.

आमच्या धंद्यात हातात हात दिला की सौदा पक्का. जुन्या फ्रिजसाठी कोणी करारपत्र करत नाही. पण तेव्हा हात मिळवायला बंदी होती. त्याने कोपर पुढे केलं, मी माझं लावलं आणि डबा त्याच्या हवाली केला.

कार्यक्रम रविवारी आर्वोला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, लागला. कोणाच्या घरात जायची परवानगी नव्हती. आजींनी टीव्ही खिडकीकडे फिरवला आणि मी आणि बायको बाहेर त्यांच्या लॉनवर उभे राहिलो. काचेतून आवाज जेमतेम येत होता. पडद्यावर कोवळ्या वयाच्या आजी गायल्या, पाकीट धरून हसल्या. खिडकीतल्या आजींनी काचेवर बोट ठेवलं.

"आता टोपी काढेल बघ," त्या म्हणाल्या.

तुकडा तिथेच कापला गेला आणि पडद्यावर चॅनेलचा आजचा निवेदक आला. तो हसून पुढच्या गाण्याकडे वळला. आजी गात होत्या तेव्हा खाली पट्टी होती ती 'पिठाची पोरगी' हीच. बायकोने माझं मनगट घट्ट धरलं, कारण तिला मी माहीत आहे. आजींचं बोट काचेवरच राहिलं होतं. मग त्यांनी टीव्ही बंद केला आणि हाताने खूण केली, घरी जा, गारठा आहे.

मी त्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "मेट, ते कोपर म्हणजे नुसतं हॅलो होतं. डील कसलं?" मी इतका ओरडलो की कुत्री भुंकायला लागली. त्याने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मी चॅनेलच्या ऑफिसात न ओरडता फोन केला. ते मला जास्त जड जातं, पण जमवलं. तेव्हापासून दर सोमवारी करतो. नो वरीज, निरोप देतो, असं तिथली मुलगी म्हणते. फिल्म परत आली, सोबत आभाराचं कार्डही आलं. कार्डावर लिहिलं होतं, प्रिय पिठाच्या पोरीला.

आजी म्हणाल्या, जाऊ दे रे, आता कोणाला आठवतंय. मी जाऊ देणार नाही. त्यांचं नाव मी इथेही लिहिलेलं नाही, मुद्दाम. ते पडद्यावर लिहायचं कबूल झालं आहे, तिथेच ते लिहिलं जाईल. फिल्म डब्यात आहे, निवेदक तिच्यात अजून टोपी काढतो. ते दाखवायचं नाही असं कोणी ठरवलं? माझ्या ड्राइव्हवेत ज्याने कोपर पुढे केलं, त्याने आजींच्या खिडकीसमोर उभं राहावं आणि याचं उत्तर त्यांना द्यावं.