समारोपाची प्रार्थना

आमच्या मंडळीत दर शुक्रवारी संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या घरी प्रार्थना असते. गाणी, शास्त्रवाचन, पाळकांचे चार शब्द आणि शेवटी समारोपाची प्रार्थना. ही शेवटची प्रार्थना कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. मी शाळेत मराठी शिकवायचे, त्यामुळे शब्दांना तोटा नव्हता. 'हे दयासागरा, कृपानिधे' म्हणून एकदा सुरू झाले की आतले पोहे गार झाले तरी मी थांबत नसे. लोक कौतुक करायचे आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मागच्या वर्षी औरंगपुऱ्यातल्या एका वहिनींकडे प्रार्थना होती. त्यांचे यजमान जाऊन आठ महिने झाले होते. जिन्याखाली यजमानांची जुनी स्कूटर उभी होती, चकचकीत पुसलेली. तिच्याशेजारीच चपला काढून मी वर गेले. समारोपाला नेहमीसारखी जीभ सुटली. "या घरच्या कर्त्या पुरुषाला उदंड आयुष्य दे, त्याच्या हाताला यश दे..."

कुणीतरी खाकरलं. मी डोळे मिटून तशीच पुढं गेले. आमेन झालं, डोळे उघडले, तर वहिनी भिंतीकडे बघत बसलेल्या. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. या माणसाच्या मातीला मी स्वतः हजर होते. पेटीवर मूठभर माती मीही टाकली होती.

पोहे न खाताच मी जिना उतरले. रिक्षात एकच विचार छळत होता. हे देवाशी बोलणं असतं, तर असं झालं असतं का? मी बोलत होते ते खोलीतल्या वीस माणसांशी. देव आपला कोपऱ्यात बसून ऐकत असणार, बिचारा.

दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता प्रार्थनेला सुरुवात केली, तर पुन्हा दयासागर, पुन्हा कृपानिधी. मी स्वतःवरच खेकसले, "बास कर!" मग लासूरला माहेरी बोलायचे तशी बोलले. "देवा, लई चुकलं माझं. त्या माउलीला दुखवलं. मला तुझ्याशी बोलताच येत नाय." भाकरी करपली, पण मन हलकं झालं. तेव्हापासून रोज सकाळी ओट्यापाशी आमचं बोलणं होतं. मी तक्रारी करते, भांडते, कधी नुसती गप्प राहते. तो ऐकतो. समोरचा माणूस ऐकतोय हे बोलणाऱ्याला कळतं ना, तसं मला ते कळतं.

वहिनींकडे जायची हिंमत मात्र महिनाभर झाली नाही. मी देवाला म्हणायचे, दुसरं काहीही सांग. तो तेच सांगत राहिला. शेवटी गेले. दार उघडल्या उघडल्या म्हटलं, "वहिनी, माझं चुकलं."

"व्हय, चुकलंच," त्या म्हणाल्या. "आठ म्हैन्यांत तुमीच विसरलात, बाई? तुमी?"

मग पाणी दिलं, शेजारी बसल्या. हळूहळू बोलायला लागल्या. स्कूटर रोज पुसतात, सगळे म्हणतात विकून टाका, आणि म्हणणाऱ्याचा त्यांना राग येतो. मी ऐकत राहिले. निघताना त्याच म्हणाल्या, "प्रार्थना करा की. पण आता माझ्यासाठी करा."

"देवा," मी म्हटलं, "ह्या रोज ती स्कूटर पुसतात. विका म्हणून सगळे सांगतात. तू नको सांगू. नुसता ह्यांच्यासंगं थांब."

पुढं काही सुचलं नाही आणि ओढूनताणून आणावंसंही वाटलं नाही. वहिनी रडत होत्या. मग माझ्या आधी त्यांनीच आमेन म्हटलं.