उष्टी हळद आणि शुद्ध क्रीम

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की डोकं तापतं. नोकरीत मी दरोडेखोर पाहिले, खुनी पाहिले. त्यांचा राग निवृत्तीबरोबर मागे पडला. या प्रकरणातल्या बाईंचा मात्र अजून येतो, कारण दरोडेखोर निदान आपण तुमचं भलं करतोय असं तोंडावर सांगत नाही.

तेव्हा मी रायपूरच्या एका ठाण्यात टी.आय. होतो. ठाणेदाराला आमच्याकडे टी.आय. म्हणतात. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. चौबे कॉलनीत राहणारे एक गृहस्थ आले. रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, मूळचे अमरावतीकडचे. मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि मुलगी दवाखान्यात पडली होती. हळद लागली त्याच संध्याकाळी चेहरा सुजला, आणि सकाळी डाव्या डोळ्याने तिला दिसेना. मुलीची रेल्वेत असिस्टंट लोको पायलट म्हणून निवड झाली होती. फक्त मेडिकल बाकी होतं, आणि इंजिन चालवणाऱ्याच्या डोळ्यांत रेल्वे जरासाही दोष खपवून घेत नाही.

त्यांचा संशय मुलाच्या आईवर होता. आपल्याकडे नवरदेवाला लावून उरलेली उष्टी हळद नवरीकडे पाठवतात. ती वाटी मुलाच्या आईनेच आणली होती. शिवाय सुनेने इंजिन चालवावं हे तिला पसंत नव्हतं आणि तिने ते चारचौघांत बोलून दाखवलं होतं. झालं, नातेवाइकांनी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. हळदीत ॲसिड कालवलं, असं म्हणत मंडळी बाईला आजच अटक करा म्हणून माझ्या टेबलाभोवती उभी राहिली.

मी बाईंना बोलावून महिला प्रधान आरक्षकासमोर, म्हणजे हवालदार बाईसमोर, जबाब घेतला. बाई ठणठणीत होत्या. रडल्या नाहीत, हातही जोडले नाहीत.

"बोलली मी, हव. सुनेनं इंजिन काहून चालवावं, असं बोलली," त्या म्हणाल्या. "पण साहेब, तेच हळद आधी माह्या पोट्ट्याले लागली. त्याले काहून काही नाही झालं?"

नवरदेवाला बोलावून पाहिलं. चेहरा स्वच्छ, डोळे स्वच्छ. एकाच वाटीतली हळद एकाला बाधते आणि एकाला नाही, तर दोष वाटीत नसतो. एवढं कळायला पोलीस लागत नाही, पण भांडणाच्या भरात हे कुणाला दिसत नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची लोकांना फार घाई असते.

त्याच दुपारी तात्यापारा भागात ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या एक बाई आपणहून ठाण्यात आल्या. त्यांनी सांगितलं की शंकर नगरात एक दीदी घरी क्रीम बनवून विकतात. डबीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, 'शुद्ध, प्रिझर्व्हेटिव्ह नाही'. पार्लरच्या दोन गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यांवर त्या क्रीमने पुळ्या फुटल्या होत्या आणि त्यांच्याकडेच येणारी ही नवरीही तीच लावत होती.

मी दवाखान्यात गेलो. मुलीने पडल्या पडल्या फोन माझ्या हातात दिला. हळदीच्या आठवडाभर आधीच डोळ्यांभोवती पुळ्या उठल्या, खाज सुटली, तेव्हा तिने दीदींना विचारलं होतं. उत्तर आलं होतं, "अंदर की गंदगी निकल रही है, दिन में दो बार लगाओ." लेकरू बिचारं दोनदा लावत राहिलं. डोळे चोळून बुबुळावर ओरखडा पडला आणि त्यात ती क्रीम गेली.

"काका, केमिकल नाही म्हणूनच तर घेतली होती मी," ती म्हणाली.

मी ते मेसेज उतरवून घेतले. डॉक्टरांना बाहेर गाठलं. ते म्हणाले, एखाद्याला एखाद्या प्रिझर्व्हेटिव्हची ॲलर्जी असते, हे खरं. पण कोरफड, गुलाबपाणी, दूध असं पाणीदार मिश्रण डबीत भरून रायपूरच्या उन्हाळ्यात ठेवलं तर त्यात जंतूंचीच शेती होणार. ठरवून दिलेल्या मापात प्रिझर्व्हेटिव्ह घालतात ते हेच टाळायला.

औषध निरीक्षकांना सोबत घेऊन आम्ही शंकर नगरातल्या फ्लॅटवर गेलो. दीदी आपल्यातल्याच, मराठी निघाल्या. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून इथे राहिलेलं घराणं, शिकलेल्या, बोलायला गोड. कारखाना म्हणजे स्वयंपाकघर, आणि परवाना नावालाही नाही. फ्रिजमध्ये दुकानांतून परत आलेल्या डब्या होत्या. काहींवर हिरवट बुरशी धरली होती. शेजारीच वरचा थर खरवडून काढलेला चमचा आणि गुलाबाच्या अत्तराची बाटली. खरवडायचं, अत्तर घालून घोटायचं आणि पुन्हा विकायचं, असा हा शुद्ध कारभार होता.

चौकशीत त्या बधेनात. लोकांनाच केमिकल नको असतं, त्यात माझा काय दोष, हे एकच पालुपद. नमुने प्रयोगशाळेत पाठवा, मी कुणाला भीत नाही, असंही ऐकवलं. तेवढ्यात झडती घेणारी प्रधान आरक्षक न्हाणीघरातून एक ट्यूब घेऊन आली. बाजारातल्या कंपनीची क्रीम. मागे बारीक अक्षरांत प्रिझर्व्हेटिव्हची नावं छापलेली. ती ट्यूब कुणाची, असं मी विचारलं. त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीची.

"तुमची घरची शुद्ध क्रीम असताना तिला ही का?"

बाई अगदी सहज म्हणाल्या, "तिची स्किन नाजूक आहे ना, सर."

प्रधान आरक्षकाने हातातला पंचनामा खाली ठेवला. वर्दीत असताना तोंडून निघू नयेत असे शब्द माझ्या जिभेवर आले होते. बाईंना आपण काय बोललो ते मग कळलं. त्यानंतर त्यांनी सगळं कबूल केलं. तक्रारी महिनोन्‌महिने येत होत्या, पण माल फेकून देणं जिवावर येत होतं.

प्रयोगशाळेचा अहवाल आला. मुलीच्या डोळ्यात सापडलेले जंतू त्या डब्यांतही निघाले. आम्ही आरोपपत्र दाखल केलं. बाईंना जामीन मिळाला. आज त्या दुसऱ्या नावाने क्रीम विकतात आणि डबीवर तीच ओळ असते, असं माझ्या कानावर आलं आहे. निवृत्त माणसाने चडफडण्यापलीकडे काय करावं?

या प्रकरणाने मला एक शिकवलं. आपल्या मालात काय नाही हे जो ओरडून सांगतो, त्याला त्यात काय आहे ते विचारावं. आणि नाजूक कातडी फक्त आपल्या लेकीची असते असं मानणारा माणूस कितीही गोड बोलो, त्याला गुन्हेगारच म्हणावं.

लग्न थोडं लांबलं, पण झालं. डोळा वाचला. बुबुळावर पांढरा डाग राहिला, आणि मेडिकलमध्ये ती नापास झाली. पुढे एकदा तिची सासू मला बाजारात भेटली. सून कशी आहे, असं मी विचारलं.

"घरीच असते," ती म्हणाली. "गाडीचा भोंगा वाजला का कामच सोडते. आता मीच म्हणून राहिली साहेब, जाय बाई, चालव तुहं इंजिन. त डॉक्टर नाही म्हणते."