चार सत्त्या आणि स्कूटरची चावी

दिवाळीच्या सुट्टीत इंदिरानगरला आत्याकडे पोकर चालायचा. काका देवळाली कॅम्पात नोकरीला होते, तिथून हा खेळ शिकून आले होते. पैसे नाहीत, चिंचोके. प्रत्येकी पाच पानं. एकदा बोली लावायची, नको ती पानं बदलायची, पुन्हा बोली. बदलण्याआधी एकेक चिंचोका, नंतर दोन-दोन, आणि एका फेरीत तीनदाच वाढवायचं. त्यामुळे ढीगभर चिंचोके पुढे सरकवून कुणाला घाबरवता येत नसे. इंग्रजी शाळेतल्या मला दुर्री, तिर्री ही नावंही तिथंच कळली.

त्या संध्याकाळी ज्याच्याकडे जास्त चिंचोके उरतील, त्याला दुसऱ्या दिवशी काकांची स्कूटर मिळणार होती. माझं लायसन्स नवं होतं, एकटीनं कुठंतरी जायची हौस मात्र जुनी. आणि आतेभाऊ ती स्कूटर कुणाला हात लावू देत नव्हता.

माझी अडचण अशी, की मी एरवी बोलत नाही. चांगली पानं आली म्हणून "वाढवते" म्हटलं, की आत्या लगेच पानं टाकायची. "बाईसाहेबांना कंठ फुटला, पळा!" मग चार चिंचोक्यांवर डाव आटपायचा. म्हणून एकदा तीन एक्के असताना गप्प बसले. आतेभावानं फुकटात पान बदललं, ओळीनं पाच पानं लावली आणि डाव नेला. समोरच्याला चांगलं पान लागलं तरी आपणच जिंकू, तेव्हाच गप्प बसावं, एवढं मला त्यातून कळलं.

शेवटच्या डावाला आतेभाऊ थोडा पुढे होता. मला चार सत्त्या आल्या आणि एक पंजी. पहिली बोली माझी. मी पास म्हटलं, म्हणजे पानं हातात ठेवून बोली पुढच्यावर सोडली. आतेभावानं एक टाकला, आत्यानंही. काकांनी पानं टाकली. मी निमूट एक टाकला आणि पंजी बदलली. गरज नव्हती, पण एकही पान न बदलणाऱ्याला सगळे बिचकतात.

आता पुन्हा पास म्हटलं आणि सगळेच पास झाले तर? सत्त्या वाया आणि स्कूटरही. आतेभावानं दोन पानं बदलली, ती पाहिली आणि लगेच माझ्या चिंचोक्यांकडे नजर टाकली. पान न लागलेला माणूस दुसऱ्याचा ढीग कशाला बघेल?

"पास," मी म्हटलं.

"घाबरली! माझे दोन."

"माझेही," आत्या म्हणाली.

"वाढवते."

"अगं बाई!" आत्यानं पानं टाकली. "तूही टाक रे पानं."

"उगाच करतेय ती. अजून दोन."

"अजून दोन," मी म्हटलं.

"तीनदा झालं. दाखवा," काका म्हणाले.

आतेभावाकडे तीन राजे आणि दोन दश्श्या होत्या, पण चार सारखी पानं त्यांच्यावरही भारी. माझ्या सत्त्या पाहून तो बराच वेळ बोलला नाही. त्या घरात ते माझं काम होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्कूटर लावून आत आले, तर आत्यानं विचारलं, "कुठं भटकलीस दिवसभर?"

"इथंच."

आतेभाऊ पेट्रोलचा काटा बघून आला होता. "इथंच म्हणजे केवढं लांब, ते तरी सांग."

मी चावी काकांच्या हातात दिली आणि चहा टाकायला गेले.