मंडळात बायका नकोत

दादा, ताई, मी कॅनडाला निघालो तेव्हा नागपूरच्या विमानतळावर आई रडली नाही. "तिकडे एकटा राहू नको, चार माणसं धर," एवढंच म्हणाली. तुम्ही दोघं तिच्या मागे उभे होतात. मी माणसं धरली. सगळे पुरुष.

इकडे केंब्रिजला कार प्लांटमध्ये लागलो तेव्हा इथल्या मराठी सेवा मंडळाने मला बेसमेंट शोधून दिलं, गादी आणून दिली. मग मीही त्यात शिरलो. नवीन आलेल्यांना विमानतळावरून आणायचं, म्हाताऱ्यांच्या ड्राइव्हवेवरचं बर्फ उपसायचं, कुणी गेलं की खांदा द्यायचा. सभासद फक्त पुरुष. तसा नियम कुणी मुद्दाम केला नव्हता. सुरुवातीचे सगळे सडेफटिंग होते. पुढे लग्नं झाली, मीरा आली, इतरांच्या बायका आल्या आणि सगळ्या मंडळासाठी डबे करू लागल्या. त्या डब्यांनाही आम्ही आमचीच सेवा म्हणायचो. मी लोकांच्या दारातलं बर्फ काढत हिंडायचो, आमच्या दारातलं मीरा काढायची.

बाबा गेल्यावर आई इकडे आली आणि शेवटी अंथरुणाला खिळली. तिची आंघोळ, तिचे डायपर, सगळं मीराने केलं. फोनवर मी तुम्हाला "आम्ही करतोय" म्हणायचो.

आईचा अंत्यविधी तुम्ही व्हिडिओवर पाहिलात. मंडळ होतं म्हणून किती नीट झालं, असं ताई म्हणाली. कॅमेऱ्यात आलं नाही ते सांगतो. आईची शवपेटी उचलायच्या वेळी मीरा पुढे झाली. "एका बाजूने मी धरते."

"वहिनी, तुम्ही जेवणाचं बघा," आमचे अध्यक्ष वसंतराव म्हणाले. "आम्ही आहोत ना."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "राहू दे." तिच्या जागी ज्याने पेटी धरली, त्याने येताना गाडीत मला आईचं नाव विचारलं होतं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मीरा मंडळाच्या सभेला आली, रिकाम्या हाताने. बायकांना सभासद करून घ्या म्हणाली. "रात्री एकटी पोर विमानातून उतरते आणि तुम्ही दोन अनोळखी बाप्ये गाडी घेऊन उभे. ती वाटभर आईला लोकेशन पाठवत असते. दिसत नाही तुम्हाला?"

"वहिनी, हायवेवर टायर बदलाल का?" वसंतराव हसत म्हणाले.

"आमचे विंटर टायर दरवर्षी कोण चढवतं, ते यांना विचारा."

सगळे माझ्याकडे वळले.

"गॅरेजवाला," मी म्हणालो.

हशा पिकला. मग मतदान झालं. विरोधात माझाही हात वर होता. घरी येताना गाडी मीराच चालवत होती. त्या गाडीचे टायरही तिनेच बदललेले.

गेल्या महिन्यात तोच ठराव आम्ही एकमताने मंजूर केला. कुणाची कंबर गेलीय, कुणाचे गुडघे. उचलायला माणसं उरली नाहीत. मीराला बोलवायला मलाच पाठवलं. ती भाजी चिरत होती.

"आता हात कमी पडले होय," ती म्हणाली. मग मान वर न करता, अगदी शांतपणे: "मी गेले की मला आपली मुलगी आणि माझ्या मैत्रिणी उचलतील. त्यांना सांगून ठेवलंय. तुमच्यातल्या कुणी हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा."

रिटायर झाल्यावर घरी परत येणार का, असं तुम्ही विचारता. शेवटी आपल्याला कोण उचलणार हे जिथे ठरलेलं असतं, ते घर, एवढंच मला आता कळतं. मीराचं ठरलंय. माझ्यासाठी मंडळ आहे.