राब न भाजलेलं साल

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते, म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत घरी आले असताना आमच्या तळा गावच्या वाचनालयाने मला व्याख्यानाला बोलावलं आणि विषय माझ्यावरच सोडला. मी चीनच्या एका निवृत्त मोठ्या नेत्याची कारकीर्द निवडली. या माणसाने तोट्यातले सरकारी कारखाने बंद केले, खात्यांना कात्री लावली, लोकांच्या शिव्या खाल्ल्या आणि देशाच्या कारभाराची जुनी घडी मोडून नवी बसवली. पहिल्या रांगेत आमचे बाबा टोपी मांडीवर ठेवून ऐकत होते. चीनशी त्यांचा संबंध म्हणजे उशाशी ठेवलेली चिनी बॅटरी.

घरात तेव्हा धुसफूस चालू होती. बाबांनी शेती माझ्या धाकट्या भावाच्या हाती देऊन बरीच वर्षं झाली होती, पण ओटीवरच्या खुर्चीतून तोंडाने शेती तेच करायचे. पेरणीआधी पाला, फांद्या, शेण पसरून रोपांची जागा भाजायची, याला आमच्याकडे राब म्हणतात. भावाने यंदा राब भाजणार नाही असं जाहीर केलं. नांगरट नाही, लावणी नाही, गादीवाफ्यावर थेट बी टोकायचं.

"राबाबिगर भात व्हतो व्हय?" बाबांचा पारा चढला.

"शेत मला दिलंय की न्हाय ते एकदा ठरवा," भाऊ म्हणाला. "नायतर मी कारखान्यात नोकरी धरतो."

तो नुसतं बोलणाऱ्यातला नाही. आईने त्या दिवशी कोणालाच दुसऱ्यांदा भात वाढला नाही.

व्याख्यान संपल्यावर प्रश्न विचारायला उठले ते बाबाच.

"मंग तो आता काय करतो?"

"घरी असतो. पुढच्यांच्या कामात बोलत नाही."

"एक शबूद न्हाय?"

"नाही."

"नि त्यांचं चुकलं तर?"

मी हातातले कागद चाळू लागले. सभागृह हसलं, मागे उभा असलेला भाऊ तेवढा हसला नाही. हा विषय मी बाबांसाठी मुद्दाम काढला नव्हता, पण ते आजही कोणाला पटत नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाबा गप्प. गावभर राबांचा धूर झाला, आमच्याकडे काही नाही. बाबा तोंड उघडायचे आणि चहाचा घोट घेऊन मिटायचे. त्यांचे हाल बघवत नव्हते. खोटं कशाला बोलू, गंमतही वाटत होती.

जूनअखेर मी पुन्हा घरी गेले, तेव्हा शेजाऱ्यांची रोपं हिरवीगार दाटली होती. आमच्या वाफ्यांवर भांग पाडल्यासारख्या विरळ रेघा. शेजारचे काका ओटीवर येऊन म्हणाले, "पोरानं वाट लावली की रं!"

बाबा म्हणाले, "शेत त्याचं हाय. त्याला इचार."

भाऊ पायरीवर पाय धूत होता. त्याने ते ऐकलं. काका गेल्यावर तो बाबांच्या खुर्चीशी येऊन बसला.

"बाबा, खेकड्यांनी दोन वाफे खाल्ले. काय करू? बोला की."

खेकड्यांवर बाबा दिवसभर बोलू शकतात. आता धरण फुटणार, असं मला वाटलं.

"तुजं ह्ये नवीन मला कळत न्हाय," बाबा म्हणाले. "आधी दाखव. मंग बोलतो."

दोघे उठले. भावाने वाटेतच सांगायला सुरुवात केली, बी किती खोल टोकायचं, वाफा किती उंच घ्यायचा. बाबा मध्येच काहीतरी विचारत होते. मला फार आनंद झाला, आणि रडूही आलं. बांधावर भाऊ पुढे आणि बाबा मागे, असं मी पहिल्यांदाच पाहत होते.