खिंडीच्या अलीकडे

माझी नोकरी शीतगृहात आहे. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये आमच्या कंपनीची फ्रोझन मालाची मोठमोठी गोदामं आहेत आणि त्यातली थंडी टिकवणारी यंत्रणा चालू ठेवणं हे माझं काम. बाहेर गाडीच्या स्टिअरिंगला हात लावता येत नाही असं ऊन असतं, तेव्हा मी आत जाड जाकीट आणि कानटोपी घालून पंख्यांवर साचलेला बर्फ तपासत असते. त्यामुळे मुलीने जेव्हा ऑस्ट्रियातल्या डोंगरात स्कीवरून भटकायचं काढलं, तेव्हा घरात थंडीची भीती वाटली ती फक्त नवऱ्याला.

"बर्फच बघायचा तर ऑफिसात रोज बघतेस की," तो म्हणाला. त्याचा गुडघा कुरकुरत होता, त्यामुळे तो येणार नव्हताच. पण आम्ही जातोय हे पक्कं झाल्यावर दोघींचे बूट घेऊन दुकानात अदलाबदल करायला तोच दोनदा गेला.

मुलगी शारजात वाढली. तिने पहिला बर्फ पाहिला तो मॉलमध्ये, काचेमागच्या त्या बंदिस्त उतारावर, आणि तिथून तिला बाहेर काढणं मुश्कील झालं. आता ती कॉलेजात आहे आणि शनिवार-रविवार त्याच उतारावर लहान मुलांना स्की शिकवते. मलाही तिनेच शिकवलं. "आई, बेंड युअर नीज. नो, नॉट लाइक सूर्यनमस्कार!" असं सगळ्यांसमोर ओरडत शिकवलं. मी शिकले. माझं उतरणं देखणं नाही, पण मला जिथे थांबायचं असतं तिथे मी थांबते.

आम्ही जाणार होतो त्या प्रकारात लिफ्ट नसते. स्कीच्या तळाला केसाळ कापडाची एक लांब पट्टी चिकटवायची, तिला स्किन म्हणतात. तिच्यामुळे स्की पुढे सरकते, पण मागे घसरत नाही. अशा स्की ओढत आपल्या पायांनी डोंगर चढायचा, माथ्यावर स्किन काढून पिशवीत भरायच्या आणि पलीकडे घसरत उतरायचं. संध्याकाळी एखाद्या हटवर पोचायचं. हट म्हणजे डोंगरातलं दगडी नाहीतर लाकडी घर. तिथे जेवण मिळतं, झोपायला फळी आणि घोंगडी मिळते. सकाळी उठून पुढच्या हटकडे निघायचं.

उतरण्याची तयारी मॉलमध्ये झाली, चढण्याची कुठे करणार? पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली सॅक घेऊन मी आमच्या बिल्डिंगचे जिने चढायला लागले. वॉचमनने पहिल्या आठवड्यात "मॅडम, लिफ्ट तो चल रही है" असं काळजीने सांगितलं, नंतर तो नुसता हात हलवायचा. थंडीच्या महिन्यांत आम्ही दोघी पहाटे गाडी काढून रास अल खैमाच्या डोंगरात जायचो. तिथल्या उघड्या, खडबडीत वाटांवर मला एक गोष्ट कळली. उतारावर मुलगी माझ्या कितीतरी पुढे असायची, पण चढावर ती दम लागेपर्यंत धावायची, थांबायची, पुन्हा धावायची. मी एकाच चालीने जायचे आणि माथ्यावर आधी पोचायचे. हे तिला मुळीच आवडायचं नाही.

ईदच्या सुट्टीला जोडून रजा घेतली आणि निघालो.

आमची गाइड माझ्याच वयाची होती. उन्हाने रापलेला चेहरा, पांढरे होऊ लागलेले केस, बोलणं मोजकं. पहिल्या हटवर जेवणाच्या टेबलाशी तिने नकाशा उघडला आणि नकाशाच्या आधी एक नियम सांगितला.

"आपण तिघी आहोत," ती इंग्रजीत म्हणाली. "तिघींपैकी एकीने 'नाही' म्हटलं की आपण परत फिरणार. कारण सांगायची गरज नाही. आणि नाही म्हणणारीवर कुणी रागवायचं नाही."

मुलगी हसली. "म्हणजे मी किंवा तुम्ही. आई कधी नाही म्हणत नाही."

दुसऱ्या दिवशी चढ लांब होता. थोड्या वेळाने गाइड बाजूला झाली आणि स्कीच्या काठीने मला पुढे जायची खूण केली. "चाल तुम्ही ठरवा. तुमची एकसारखी आहे." मी पुढे झाले. समोर कुणाच्या पाऊलखुणा नाहीत, फक्त पांढरा उतार आणि त्यावर आमची स्वतःची तिरपी रेघ उमटत चाललेली. स्की उचलायची नाही, नुसती सरकवायची, श्वास आणि पाय जुळवून घ्यायचे. मागून मुलीचा धापा टाकतानाचा आवाज येत होता आणि मला, खरं सांगते, फार बरं वाटत होतं. घाम यायच्या आधी जाकीट काढायचं आणि थांबल्याबरोबर घालायचं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. गोदामात तेच तर करते.

त्या संध्याकाळची हट एका खिंडीच्या खाली होती. खिंड ओलांडून पलीकडे उतरलं की पुढची हट. बूट बाहेर ठेवून, तिथल्या लोकरीच्या सपाता घालून आम्ही सूप प्यायलो. मी डब्यातली लसणाची चटणी काढली. गाइडने ती पावावर चीजसोबत लावून खाल्ली, डोळे मिटले आणि डबा स्वतःकडे ओढून घेतला. बाहेर वारा सुटला होता.

सकाळी निघालो तेव्हा वारा पडला होता, पण ढग खाली आले होते. खिंडीच्या पायथ्याशी शेवटचा उतार होता, गुळगुळीत, गादीसारखा फुगलेला. वाऱ्याने पलीकडचा बर्फ उडवून इथे आणून टाकला होता. असा थर कधीकधी माणसाच्या वजनाने निखळून अख्खाच खाली कोसळतो. गाइडने फावड्याने एक खड्डा खणला, त्याच्या भिंतीवरून बोट फिरवलं, वरचा थर थोपटून पाहिला. तो लगेच निखळला नाही. पण अगदी घट्टही नव्हता.

"माझ्या मते जाता येईल," ती म्हणाली. "एकेकीने, मध्ये मोठं अंतर ठेवून. पण हे अगदी काठावरचं आहे. तुम्हाला काय वाटतं?"

"यल्ला, लेट्स गो," मुलगी म्हणाली. ती स्किन नीट करून तयारच होती.

मी त्या उताराकडे पाहिलं. वरचा भाग ढगात गेला होता. माझ्यापुढे मुलगी जाणार, ती त्या ढगात शिरणार आणि मला दिसेनाशी होणार.

"नाही," मी म्हणाले.

"आई!"

"नाही. मी नाही म्हणतेय."

गाइडने एक शब्द विचारला नाही. "ठीक आहे," म्हणाली आणि वाकून स्किन काढायला लागली. आम्ही आमच्याच रेघेवरून खाली आलो. मुलगी पुढे सुसाट गेली आणि हटच्या दारात पोचल्यावरसुद्धा तिने आमच्यासाठी वळून पाहिलं नाही.

दुपारभर ती फळीवर भिंतीकडे तोंड करून पडून होती. मी चहा घेऊन गेले आणि शेजारी बसले.

"यू वेअर स्केअर्ड," ती भिंतीला म्हणाली.

"हो. घाबरले होते."

तिला हे अपेक्षित नव्हतं. ती वळली.

"पण घाबरले म्हणून नाही म्हटलं असं नाही," मी म्हणाले. "घाबरून मी पुष्कळ कामं करते. आमच्याकडे यंत्रणेतला अमोनिया गळल्याचा अलार्म वाजला की सगळ्यांना बाहेर काढायचं काम माझं असतं. ट्रक लागलेले असतात, सुपरवायझर ओरडत असतो की सेन्सरच बिघडलाय. मी तरी बाहेर काढते."

"अँड इफ इट्स अ फॉल्स अलार्म?"

"मग परत आत जायचं. एवढंच."

चहा घेतला तिने. मग म्हणाली, "बाबा असता तर गेला असता."

"बाबाचा गुडघा गेला असता," मी म्हणाले, आणि तिला नाइलाजाने हसू आलं.

दुसरा दिवस लख्ख उजाडला. रात्रीच्या थंडीत बर्फ बसला होता. आम्ही पुन्हा त्याच जागी गेलो. तो उतार जसाच्या तसा होता. काही कोसळलं नव्हतं, साधी भेगही नव्हती.

"नथिंग केम डाउन," मुलगी म्हणाली.

"नाही आलं."

"सो वी कुड हॅव गॉन."

"कदाचित."

तिने माझ्याकडे निरखून पाहिलं, मी कुठेतरी खजील झालेय का ते बघत असावी. मी झाले नव्हते. कालची मी कालच्या ढगात उभी होते, आजच्या उन्हात नाही. गाइडने पुन्हा खणून पाहिलं, मान हलवली आणि विचारलं, "आज?" मी हो म्हटलं. मुलीनेही म्हटलं. एकेक करून आम्ही तो उतार चढलो. खिंडीत पोचलो तेव्हा पलीकडे एकामागे एक डोंगर पसरलेले होते आणि वारा इतका होता की फोटो काढायला हातमोजे काढायची कुणाचीच तयारी नव्हती.

उतरणं मात्र माझ्यासाठी कठीण निघालं. सावलीतल्या बर्फावर कडक पापुद्रा धरला होता. तो वजन पेलतोय असं वाटायचं आणि मध्येच फुटून पाय आत जायचा. मी पडले. उठले, पुन्हा पडले. एक स्की सुटून खाली गेली आणि एका दगडाला अडकून राहिली. मुलगी केव्हाच खाली पोचली होती. तिने स्की शोधली आणि खांद्यावर टाकून ती वर चढत आली, धापा टाकत, मध्ये न थांबता.

"लिसन," बर्फात गुडघे टेकून माझा बूट स्कीत अडकवत ती म्हणाली. मग अचानक मराठीत, ती लहान मुलांना शिकवताना वापरते त्या आवाजात, "वळू नकोस. आडवी जा. टोकाला पोचलीस की थांब, एक पाय उचलून फिरव, मग दुसरा. परत आडवी. घाई नाही. मी तुझ्या खाली राहते."

"सूर्यनमस्कार नको ना?"

"आई, फोकस."

मी तशीच गेले. या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी, थांबून पाय फिरवायचा, पुन्हा आडवी. दर वळणावर ती माझ्या थोडी खाली उभी असायची आणि मी फिरले की पुढे सरकायची. गाइड खालून पाहत होती. तिला घाई असेल तर तिने दाखवली नाही. उन्हात आल्यावर बर्फ मऊ झाला आणि शेवटच्या टप्प्यावर मी तिला मागे टाकून सलग वळणं घेतली. मुलगी मागून ओरडली, "नीज! नीज! यस!"

शेवटच्या हटवरून सकाळी उतरून आम्ही गावातल्या बसथांब्यावर आलो. स्कीचे बूट काढल्यावर पाय इतके हलके झाले की मला उगाच चालावंसं वाटलं. नवऱ्याचा फोन आला. "हातपाय शाबूत?" त्याने विचारलं. मी स्पीकर लावला. मुलगी त्याला खिंडीबद्दल सांगायला लागली, वारा, उतार, फुटणारा पापुद्रा, सगळं. मग म्हणाली, "अँड वन डे वी टर्न्ड बॅक. वेदर वॉज बॅड."

मी स्कीचे बूट सॅकला बांधायला घेतले.

गाइड निरोप घ्यायला आली. मुलीने तिला विचारलं की गाइड व्हायचं तर सुरुवात कुठून करायची, आणि दोघी भिंतीला टेकून बराच वेळ बोलत राहिल्या. बस यायला वेळ होता. मी बाकावर नकाशा पसरला आणि त्या खिंडीपासून पूर्वेकडे जाणारी वाट कुठे जाते ते पाहू लागले.